फ्लॅश करण्याआधी एवढं बघा
फोन लोगोवर अडकून पुन्हा पुन्हा सुरू होतोय, तर थेट फर्मवेअर (फोनचं मूळ सॉफ्टवेअर) पुन्हा टाका, म्हणजेच फ्लॅश करा, असा सल्ला दिला जातो. चूक नाही, पण आधी रिकव्हरीत (बटणं दाबून उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूत) जाऊन कॅशे पार्टिशन, म्हणजे तात्पुरत्या फायलींची जागा, पुसायचा पर्याय असेल तर तो वापरून बघा. डेटाला धक्का लागत नाही.

तरीही फ्लॅश करावंच लागलं आणि फोन सॅमसंगचा असेल, तर ओडिनमध्ये (संगणकावरून केबलने फर्मवेअर टाकायचं सॉफ्टवेअर) बीएल (बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम), एपी (मुख्य सिस्टीम), सीपी (मोडेम) आणि सीएससी (देश-कंपनीनुसार सेटिंग्ज) अशा चार फायली भरायच्या असतात. खरी गोम चौथीत आहे. फर्मवेअरची झिप फाइल उघडली की ‘सीएससी’ आणि ‘होम सीएससी’ अशा दोन दिसतात. साधी सीएससी घेतलीत की फोन कोरा, फोटोबिटो सगळं गेलं. होम सीएससीने डेटा सहसा वाचतो. शिवाय फर्मवेअरच्या बिल्ड नंबरातलं (आवृत्तीच्या क्रमांकातलं) शेवटून पाचवं अक्षर तपासा, तो बूटलोडरचा क्रम. फोनमधल्यापेक्षा खालच्या क्रमाचं फर्मवेअर फोन घेतच नाही. मग ओडिनमध्ये लाल ‘फेल’ उमटतं आणि आपण केबलला शिव्या देत बसतो.

अर्थात कधीकधी केबलच चोर असते! माझी जुनी केबल चार्जिंग झकास करायची, पण एपी फाइल जाताना दोनदा मध्येच तुटली. केबल आणि पोर्ट दोन्ही बदलल्यावर एका दमात काम झालं.

आणि गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय ना? अँड्रॉइड ५.१ पासून, रिकव्हरीतून फोन पुसला की बहुतेक फोन जुनं खातं विचारतात.