प्रति: फेराइट रिंग कुठून आणायची?

उतरलेल्या सेलवर एलईडी पेटवणाऱ्या 'जूल थीफ' सर्किटसाठी लागणारी फेराइटची (लोहाच्या ऑक्साइडपासून बनवलेल्या चुंबकीय पदार्थाची) रिंग मुंबईहूनच मागवावी लागते, हे वर लिहिलेलं पटलं नाही. आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात भंगारातल्या बंद सीएफएल दिव्याच्या बुडातल्या बोर्डावरून काढली. काचेची नळी मात्र फुटू देऊ नका, आत पारा असतो.

भाच्याने रिंगवर दोन तारा जोडीने दहा-बारा वेढे गुंडाळल्या, बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि १ किलोओहमचा रेझिस्टर लावला, तरी एलईडी पेटेना. तांब्याच्या तारेवरचं लाखेसारखं आवरण खरवडलेलंच नव्हतं, सोल्डर धरणार कसं? तेही केलं, तरी अंधारच. शेवटी दोनपैकी एकाच गुंडाळीची दोन टोकं उलटी जोडली आणि भिंतीवरच्या घड्याळातून काढलेल्या उतरलेल्या सेलवर, ३ व्होल्टच्या आसपास मागणारा पांढरा एलईडी लख्ख पेटला! पोराचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यामुळे पेटला नाही तर ट्रान्झिस्टर बदलण्याआधी टोकं उलटून बघा.