बहिणीला एकटं सोडू नकोस
बाळ पाच आठवड्यांचं, बहीण रोज रडते आणि घरचे म्हणतात ओली बाळंतीण आहे, होतं असं, हे वाचून पोटात कालवलं गं. पहिल्या दोनेक आठवड्यांतलं रडू बहुतेक वेळा आपोआप ओसरतं, पण पाच आठवडे म्हणजे डॉक्टरांना सांगायलाच हवं. माझं शेकशेगडी, डिंकाचे लाडू सगळं झालं तरी बाळ झोपलेलं असताना मी रात्री तीनला पंख्याकडे बघत जागी, शेवटी बाळाच्या डोसाला गेले तेव्हा नर्सताईंसमोर रडू फुटलं आणि तिथून सायकियाट्रिस्टकडे. अंगावर पाजतानाही चालणारी औषधं असतात, पाजतेय हे मात्र सांगायचं. आजच १४४१६ लाव, टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. आणि स्वतःचं किंवा बाळाचं काही करावंसं वाटतं का हे तिला सरळ विचार, हो म्हणाली तर लगेच हॉस्पिटल, सकाळची वाट बघू नकोस.