ब्रेक्झिट : मी 'बाहेर'ला मत दिलं आणि अजून पस्तावलेलो नाही

स्लाऊकर
परवा गणपतीच्या तयारीची मीटिंग होती. विषय मोदकांचा, भांडण झालं ब्रेक्झिटवरून. तिथे अर्धवट राहिलं ते इथे मांडतो.

23 जून 2016 ला माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता, तरी मत होतं; ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की बाहेर पडावं, या त्या दिवशीच्या सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मतदान करता येत होतं. इथे शिक्का नसतो, दोऱ्याला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची. मी ती युरोपीय संघ सोडण्यासमोर मारली. आमच्या स्लाऊतल्या 54 टक्के लोकांनीही तेच केलं.

कारण ऐका. 2013 मध्ये बायकोला आणायचं तर वर्षाला 18,600 पौंड पगार दाखवा, असा नियम. सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या फाइलला लावून बसलो होतो. माझ्या शेजारच्या टेबलावरचा पोर्तुगीज मुलगा ब्राझीलची बायको घेऊन आला, त्याला ही अट नाही! मग 1 मे 2014 पासून हापूस बंद. फळमाशी सापडली म्हणून ब्रसेल्सने (म्हणजे युरोपीय संघाने) आंबा, अळू, वांगी, कारली, पडवळ सगळंच अडवलं. अळूवडी खाणारे आम्ही, निर्णय घेणारे भलतेच. आपल्या घरात केरसुणी कुठे ठेवायची हे 27 शेजाऱ्यांना का विचारायचं?

म्हापशेकार
बाब, तुला मत होतं. मला नव्हतं.

माझे वडील 1958 चे, म्हणजे गोवा मुक्त होण्याआधीचे, पोर्तुगीज राजवटीतले; म्हणून पोर्तुगालचं नागरिकत्व घेता आलं. त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवला, मग माझा, आणि पोर्तुगीज पासपोर्ट काढला. भारताचा परत केला, त्याचं काय वाटलं ते इथे लिहीत नाही. 2009 पासून स्विंडनला गोदामात रात्रपाळी. कर भरतो, पण युरोपीय नागरिक म्हणून मत नाही. सकाळी पाळी संपवून बाहेर आलो तर निकाल लागलेला. स्विंडननेही बाहेरच म्हटलं होतं. ज्यांच्याबरोबर रात्रभर खोकी उचलली त्यांतल्या कितीजणांनी फुली कुठे मारली, हे विचारायचं धाडस झालं नाही.

मग आम्हा युरोपीय नागरिकांना इथे राहायचं तर 30 जून 2021 च्या आत अर्ज करा. फोनवर चेहरा गोल फिरवून दाखवा. राहायची परवानगी मिळाली, पण हातात कार्ड नाही, सगळं ऑनलाइन. घरमालकाला कोड पाठवायचा. आईला अजून वाटतं की आपल्याकडे काहीच कागद नाही.

स्लाऊकर
तुमच्याबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण मतदारयादीचा नियम मी केलेला नाही. आणि 2020 च्या अखेरपर्यंत तुम्ही ज्या दाराने सहज आत येत होतात, ते आमच्यासाठी कधीच उघडं नव्हतं. 2015 पासून आम्ही व्हिसाच्या शुल्कावर आरोग्याचा अधिभारही भरत होतो. तेव्हा कोणाला वाईट वाटलं?

आकडेमोड
स्लाऊकर, राग बरोबर, पत्ता चुकला. 18,600 ची अट ब्रसेल्सने घातलीच नव्हती, ती लंडनची. संघ सोडल्यावर काय झालं? 2024 च्या एप्रिलमध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने ती 29,000 केली. तुमचं दार उघडलं नाही, त्यांचंही बंद झालं.

हापूसचंही तसंच. आपल्याकडची तपासणी सुधारली आणि 2015 च्या सुरुवातीला बंदी उठली. माशी लंडनमध्ये उतरली असती तर तिथल्या कृषी खात्याने हार घातला असता का?

आणि 'बाहेर'वाल्यांच्या प्रचाराची ती लाल बस. आठवड्याला 35 कोटी पौंड ब्रसेल्सला जातात म्हणे. तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी 1984 मध्ये भांडून मिळवलेली सूट त्यातून वजाच केली नव्हती. सरकारच्या सांख्यिकी प्राधिकरणाने हरकत घेतली, तरी बस फिरतच राहिली. आता सरकारचाच अर्थसंकल्पीय अंदाज विभाग म्हणतो की दीर्घकाळात उत्पादकता 4 टक्क्यांनी कमी राहील.

खवचट
मला यातलं एकच दृश्य आठवतं. जानेवारी 2021, हॉलंडचं बंदर. ब्रिटनहून बोटीने आलेल्या ट्रक ड्रायव्हरचं सँडविच डच कस्टम्सने काढून घेतलं, आत हॅम होतं आणि संघाबाहेरून मांस आणायला बंदी म्हणून. बिचारा म्हणाला, मांस घ्या, पाव तरी ठेवा. नाही म्हणाले! आणि युरोपातून येणाऱ्या मांसाची प्रत्यक्ष तपासणी ब्रिटनने कधी सुरू केली? 2024 मध्ये. सीमा परत मिळवली आणि फाटकाला कडी लावायला तीन वर्षं लागली.

बेलफास्टवासी
तुम्ही सगळे इंग्लंडबद्दलच बोलताय. आमच्याकडे, उत्तर आयर्लंडमध्ये, 56 टक्क्यांनी राहा म्हटलं, स्कॉटलंडने 62. आयर्लंडच्या जमिनीवर पुन्हा नाकी नकोत (1998 चा शांतता करार, विसरू नका), म्हणून तपासणी समुद्रात ढकलली. परिणाम असा की लिव्हरपूलहून बेलफास्टला, म्हणजे एकाच देशात, सॉसेज पाठवायला कागद. 2023 च्या विंडसर समझोत्याने थोडं सैल झालं. संपलेलं नाही.

स्लाऊकर
29,000 वर मी गप्प. खरंच उत्तर नाही.

पण बाकीचं बघा. जुलै 2025 मध्ये भारताबरोबर व्यापार करार झाला, तो संघात राहून ब्रिटनला एकट्याने करता आला असता का? स्कॉच व्हिस्कीवरचं आपलं शुल्क त्या करारानुसार 150 वरून 75 टक्के. आणि 2021 पासून शिकून झाल्यावर पदवीधरांना दोन वर्षं राहून काम करता येऊ लागलं. तुमच्यापैकी किती जणांचे भाचे-पुतणे त्यावर इथे आले, हात वर करा.

आकडेमोड
माझा भाचा आलाय, हात वर. पण लिंकनशायरच्या बॉस्टनमध्ये 75 टक्क्यांहून जास्त लोकांनी 'बाहेर' म्हटलं, ते तुमच्या-माझ्या भाच्यांना जागा करायला नव्हे. त्यांना परके लोक कमी हवे होते. जून 2023 पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर 9 लाखांच्या घरात गेलं. त्या रागाला आता पूर्वीसारखा युरोपातून आलेला पोलिश माणूस सापडत नाही. समोर कोण आहे, आरशात बघा.

म्हापशेकार
तुमचं चालू द्या. मला पाळीला जायचंय.

एकच सांगतो. स्लाऊकर, तुझ्या मुलाकडे ब्रिटिश पासपोर्ट असेल. त्याला उद्या पॅरिसला 90 दिवसांच्या वर राहायचं तर व्हिसा काढावा लागेल. माझी मुलगी स्विंडनला जन्मली, तीही ब्रिटिश. पण गेल्या महिन्यात तिचा जन्म लिस्बनला नोंदवायला दिला. आजोबा 1958 चे, अजून उपयोगी पडतात.