मेअखेरची सहल: गारवा पाहिजे, गर्दी नको

(बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, गुरुवार)

प्रकाश काका, बी-१०१ (सकाळी ७:०५): सगळ्यांना नमस्कार. गेल्या वर्षी ठरवता ठरवता मे संपला नि सहल राहिली. यंदा आत्ताच ठरवूया. मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला, आठवडाभर, एखादं राष्ट्रीय उद्यान. थंड पाहिजे आणि माणसांची झुंबड नको. सुचवा.

अमोल, सी-३०३: ताडोबा! मेमध्ये पाणवठ्यावर वाघ हमखास दिसतो म्हणतात.

रेखा वहिनी, ए-१०४: अरे अमोल, चंद्रपूरला मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो. वाघ पाण्यात बसतो, आपण कुठं बसायचं? आईंना तर अजिबात झेपणार नाही.

अमोल, सी-३०३: होय की वहिनी, खरं आहे. मग बंडीपूर-नागरहोळे?

बसवराज अण्णा, बी-२०३: बंडीपूर आपल्याच राज्यात, रस्ता चांगला. खरं सुट्टीत म्हैसूर, उटी, बंडीपूर अशी सगळ्यांची एकच ओळ लागते. सफारीची जागा मिळेना झालीय. आणि थंड म्हणाल तर बेळगाव त्यापेक्षा बरं.

प्रियांका, ए-३०१: फुलांची दरी? व्हॅली ऑफ फ्लॉवर्स! १ जूनला उघडते ना?

सुनंदा मावशी, ए-२०२ (७:४०): प्रियांका, उघडते १ जूनलाच. पण फुलं तेव्हा नसतात गं. जूनच्या सुरुवातीला वाटेवर बर्फ असतो, बहर येतो जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. आणि त्या वाटेवर जूनमध्ये चारधाम नि हेमकुंडचे यात्रेकरू असतात. फुलांसाठी जायचं तर ऑगस्टमध्ये जा, पाऊस धरून. मेअखेरीला जाऊन नुसती दरी बघून येशील, मन खट्टू होईल.

प्रियांका, ए-३०१: मावशी तुम्ही शाळेत भूगोल शिकवायचा ना? तुम्हीच सांगा मग.

सुनंदा मावशी, ए-२०२ (८:२०): सांगते, जरा लांबण लागेल.

नावावरून उद्यान निवडू नका. आधी उंची बघा, मग पाऊस बघा, मग शाळा कधी उघडतात ते बघा. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरच्या वर आहे, म्हणून तर इथं मेमध्ये दोन वळीव झाले की रात्री पंखा बंद करावा लागतो. तेव्हा पाचशे-सातशे मीटरच्या जंगलात जाऊन आपल्याला घरच्यापेक्षा जास्त गारवा मिळायचा नाही. दांडेलीकडचं अणशी किती जवळ, मला फार आवडतं, पण मेमध्ये तिथं अंगाला घाम चिकटून राहतो. तिकडे पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरात जायचं.

उंचीला एरविकुलम उत्तम. मुन्नारजवळ, ९७ चौरस किलोमीटर, नीलगिरी ताहर, म्हणजे तिथला वरयाडू, रानशेळीसारखा प्राणी, अगदी दहा पावलांवर चरताना दिसतो. आनामुडी तिथंच, २,६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सगळ्यात उंच शिखर. पिल्लांच्या काळात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान बंद ठेवतात, एप्रिलमध्ये उघडतं. अडचण अशी की केरळच्या शाळा १ जूनला उघडतात आणि पाऊसही १ जूनच्या आसपासच तिथं पोचतो. मेमध्ये जावं तर उद्यानाच्या बससाठी रांग, जूनमध्ये जावं तर पाऊस. २०२० च्या ऑगस्टमध्ये तिथल्याच पेट्टिमुडीला दरड कोसळून मजुरांच्या वस्तीतली माणसं झोपेत गेली. पावसात त्या डोंगरात लहान मुलांना न्यावं असं मला वाटत नाही.

म्हणून माझं मत: ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क. कुल्लू जिल्हा, तीर्थन नदीचं खोरं.

रेखा वहिनी, ए-१०४: कुल्लू म्हणजे मनालीच की हो. जूनमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते.

सुनंदा मावशी, ए-२०२ (८:५०): मनालीला नाही जायचं रेखा. त्या वाटेवरच्या औट गावी उतरून बंजारच्या बाजूला वळायचं. पुढे गुशैणी गाव, आणि तिथून पुढे चालत. उद्यानात गाडी जातच नाही. ७५४ चौरस किलोमीटरचं जंगल, युनेस्कोच्या यादीत २०१४ पासून, आणि आत जायचं तर स्वतःच्या पायांनी. म्हणूनच गर्दी नाही. जिथं गाडी दारापर्यंत जाते तिथं गाड्या येणारच.

आमचे हे असताना एका मेमध्ये आम्ही एका नावाजलेल्या थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. घाटात चार तास गाडी एकाच जागी. सासूबाईंना साखरेचा त्रास, डब्यातलं थालीपीठ संपलेलं. वर पोचलो तर आमची ठरलेली खोली दुसऱ्याला दिलेली. हे तेव्हा म्हणाले, सुनंदा, यापेक्षा खानापूरच्या रानात चटई टाकून बसलो असतो. तेव्हापासून मी गर्दीच्या ठिकाणी गेलेले नाही.

हे गेल्यानंतर धाकट्या बहिणीबरोबर तीर्थनला गेले होते, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. नदीचं पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजावेत. दुपारी उन्हात बरं वाटायचं, रात्री गोधडी लागायची. घरमालकीण राजमा-भात करायची, वर घरचं तूप. तिथं जुजुराणा नावाचा पक्षी आहे, हिमाचलचा राज्यपक्षी. त्याच्या नावाचा अर्थच पक्ष्यांचा राजा. देवानं सगळ्या पाखरांचं एकेक पीस घेऊन तो घडवला असं तिथली माणसं सांगतात. आम्हाला दिसला नाही, फार लाजरा असतो. त्याच्यासाठी परत जायचंय मला.

बसवराज अण्णा, बी-२०३: मावशी, वाचूनच गार वाटलं बघा. माझा गुडघा चालेल का?

सुनंदा मावशी, ए-२०२: अण्णा, आत मुक्कामाचा ट्रेक नका करू. नदीकाठची वाट उद्यानाच्या फाटकापर्यंत जमेल तेवढी चालायची नि परत फिरायचं. बाकीचे दिवस आसपासच्या गावांत फिरायचं. तरुण मंडळींनी साईरोपाच्या वनखात्याच्या कचेरीतून परवाना काढून, तिथलाच वाटाड्या घेऊन पुढे जावं.

रेखा वहिनी, ए-१०४: खरं मावशी, जूनचा दुसरा आठवडा म्हणजे आमच्या पोरांची शाळा. आपल्याकडे मेअखेरीलाच उघडते. आमच्या जावेची पोरं कोल्हापुरात, त्यांना १५ जूनपर्यंत सुट्टी. दरवर्षी हेच होतं.

प्रकाश काका, बी-१०१: हा मुद्दा मोठा आहे. शाळेची पोरं असलेली चार घरं आहेत आपल्यात. त्यांना सोडून जायचं मला पटत नाही.

सुनंदा मावशी, ए-२०२ (९:३०): मलाही नाही. पण हिमाचलला नुसतं जाऊन यायलाच पाच दिवस जातील, शाळा उघडायच्या तोंडावर पोरांची धावपळ होईल. पोरांसाठी मेच्या चौथ्या आठवड्यात आपल्याच राज्यातलं कुद्रेमुख करा. रात्रीतून निघालं की दुसऱ्या दिवशी जवळच्या कळसा गावात. ६०० चौरस किलोमीटर, १९८७ पासून राष्ट्रीय उद्यान, शोला म्हणजे घळींतली दाट सदाहरित झाडी, आणि गवताळ डोंगर. तुंगा, भद्रा, नेत्रावती तिन्ही नद्या त्याच डोंगरात उगम पावतात. पोरांना हे पुस्तकात असतं, डोळ्यांनी बघू देत. पूर्वी तिथं लोखंडाची खाण होती, २००५ अखेरीस बंद झाली. उघडा पडलेला डोंगर कसा दिसतो तेही दाखवा.

हिमाचलइतकं थंड नाही हं, ते आधीच सांगते. संध्याकाळी बरं वाटतं, वळीव आला तर छान. शिखरावर जायचं असेल तर दिवसाला ३०० जणांनाच सोडतात आणि वणव्याच्या भीतीनं उन्हाळ्यात ट्रेक कधीकधी बंदही असतो. आधी बघून घ्या, पोरांना आशा लावून नेऊ नका.

रेखा वहिनी, ए-१०४: हे जमेल. सोमवार ते गुरुवार जाऊया, शनिवार-रविवार बेंगळुरूची माणसं येतात तिकडे. आमची सहा जणं धरा.

अमोल, सी-३०३: मी दोन्हीकडे येऊ का? कुद्रेमुखला गाडी मी चालवतो, तीर्थनला सामान मी उचलतो.

सुनंदा मावशी, ए-२०२: ये रे बाळा. अण्णांच्या गुडघ्याला तुझा आधार होईल.

बसवराज अण्णा, बी-२०३: तीर्थनच्या पावसाचं काय मावशी? २०२३ ला कुल्लूत बियासचा पूर टीव्हीवर बघून झोप लागली नव्हती.

सुनंदा मावशी, ए-२०२: तो जुलैतला. हिमाचलला पाऊस साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोचतो. आपण २० जूनच्या आत घरी. आणि नदीला लागून खोली घ्यायची नाही, गावात वरच्या अंगाला घ्यायची. यावर मी ऐकणार नाही कुणाचं.

प्रकाश काका, बी-१०१ (१०:१५): तर तीर्थनसाठी ६ जूनची गोवा एक्सप्रेस. संध्याकाळी बेळगावहून बसायचं, तिसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीचं निजामुद्दीन. तिथून रात्रीची बस औटला. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे मंगळवारी ७ एप्रिलला सकाळी ८ वाजता. मुंबई-पुण्याच्या शाळांना तेव्हा सुट्टीच असते, गाडी भरायला वेळ लागणार नाही. रविवारपर्यंत नाव, वय आणि खालची बर्थ कुणाला ते मला कळवा.

बसवराज अण्णा, बी-२०३: आमची दोन. दोन्ही खालच्या.

सुनंदा मावशी, ए-२०२: माझं एक. बहिणीला विचारते, बहुधा दोन होतील.

प्रियांका, ए-३०१: माझं नि आजीचं. आजी विचारतेय, तिकडे भाकरी मिळते का?

सुनंदा मावशी, ए-२०२: मक्याची मिळते. शेंगदाण्याची चटणी आपण नेऊ, मी करते.

बसवराज अण्णा, बी-२०३: कुंदा माझ्याकडून. त्या घरमालकीणबाईंना पण द्यायचा.