दोन गुणांनी जिंकलो, पण खेळ मनासारखा झाला नाही: खेळाडूंना श्रेणी कशी द्यावी?

क्रीडाशिक्षक, नागपूर

नमस्कार. नागपुरातील एका शाळेच्या १७ वर्षांखालील मुलींच्या बास्केटबॉल संघाचा मी प्रशिक्षक आहे. प्रत्येक सामन्यानंतर मी प्रत्येक मुलीला अ, ब, क, ड यांपैकी एक श्रेणी आणि तिच्याखाली दोन ओळींचा शेरा लिहून देतो. या श्रेणीवरून निवड होत नाही. पुढच्या आठवड्याच्या सरावात कोणी कशावर भर द्यायचा, तेवढेच त्यातून ठरते. परवाच्या सामन्याचा कागद मात्र अजून कोरा आहे.

सामना आम्ही ४४-४२ असा जिंकला. मध्यंतराला आम्ही २७-१४ असे पुढे होतो. समोरच्या संघाची उंची कमी, राखीव खेळाडूही मोजक्याच, त्यामुळे सामना आमचाच आहे असे बाकावरच्या सगळ्यांनी धरून चालले होते. तिसऱ्या क्वार्टरपासून त्यांनी पूर्ण मैदानभर प्रेस लावला, म्हणजे चेंडू आमच्या हाती येताच दबाव टाकायला सुरुवात केली, आणि आमचा खेळ पार विस्कटला. उत्तरार्धात आम्ही १७ गुण केले आणि २८ दिले. बरोबरी झालेली असताना अखेरच्या काही सेकंदांत आमच्या पॉइंट गार्डने (चेंडू पुढे आणून खेळ रचणाऱ्या मुलीने) लेअप, म्हणजे रिंगजवळ जाऊन शॉट, मारला, चेंडू रिंगवर दोनदा आपटून आत पडला आणि आम्ही सुटलो.

आता माझी अडचण सांगतो. या पॉइंट गार्डने १६ गुण केले, विजयी बास्केटही तिचाच. पण तिने १७ शॉट घेऊन ६ बसवले, फाऊलनंतर मिळालेल्या ८ पैकी ४ फ्री थ्रो घालवले आणि चेंडू ७ वेळा गमावला. सेंटरने फक्त ४ गुण केले, पण १२ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू) घेतले. आमची सर्वांत चांगली शूटर १० पैकी २ शॉट बसवू शकली, आणि तिचे जवळजवळ सगळे शॉट मोकळे होते. एक मुलगी चौथ्या क्वार्टरमध्ये तीन-चार मिनिटांसाठी आत गेली आणि तिच्या हातून काही चांगलेही झाले नाही, काही वाईटही झाले नाही. शिवाय संघ म्हणून आम्ही २२ पैकी केवळ ९ फ्री थ्रो बसवले. खेळ एवढा सुमार झालेला असताना जिंकलो म्हणून श्रेणी सांभाळून द्यावी, की सगळ्यांचीच एक पायरी खाली आणावी? आपल्यापैकी ज्यांनी संघ सांभाळले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

स्कोअर टेबल

नमस्कार सर. मी अनेक वर्षे सामन्यांची आकडेवारी लिहीत आलो आहे, त्यामुळे आधी आकड्यांपुरते सांगतो. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या स्पर्धांमध्ये जी 'एफिशियन्सी' छापतात, तिचा हिशेब कागदावरही होतो. खेळाडूचे गुण, रिबाउंड, असिस्ट (बास्केट घडवणारे पास), स्टील (हिसकावलेले चेंडू) आणि ब्लॉक (अडवलेले शॉट) यांची बेरीज करायची, आणि त्यातून हुकलेले शॉट, हुकलेले फ्री थ्रो आणि टर्नओव्हर, म्हणजे गमावलेले चेंडू, वजा करायचे. आपल्या पॉइंट गार्डचे वजा होणारे आकडेच ११, ४ आणि ७ असे मिळून २२ होतात. तिच्या १६ गुणांत रिबाउंड, असिस्ट आणि स्टील मिळवून बेरीज चोवीस-पंचवीसच्या आसपास गेली, तर हाती दोन-तीनच उरतात. सेंटरचे गुण आणि रिबाउंड यांचीच बेरीज १६ होते, आणि तिने शॉट फार घेतले नसतील, तर त्यातून वजा होण्यासारखे थोडेच आहे. टाळ्या एकीला मिळाल्या आणि हिशेब दुसरीच्या बाजूने आहे, असे या सामन्यात स्पष्ट दिसते.

तरीही केवळ या बेरजेवरून श्रेणी देऊ नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. या सूत्रात बॉक्स आउट (रिबाउंडसाठी प्रतिस्पर्ध्याला अंगाने मागे रोखणे) नाही, सहकाऱ्याला मोकळे करण्यासाठी चांगला लावलेला स्क्रीन (अडसर) नाही, आणि बचावात स्वतःची खेळाडू सोडून वेळेवर मदतीला धावणेही नाही. त्यात हुकलेला मोकळा शॉट आणि दोघींच्या अंगावरून मारलेला आततायी शॉट यांची किंमत सारखीच धरली जाते.

संघाचा हिशेब वेगळा मांडावा. डीन ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकाने सामन्याचा निकाल ठरवणारे चार घटक सांगितले आणि त्यांना ढोबळ वजनेही दिली: शॉटची अचूकता ४० टक्के, टर्नओव्हर २५, रिबाउंड २० आणि फ्री थ्रो १५. आपला सामना या चार कप्प्यांत टाकून पाहा. सेंटरचे आकडे पाहता रिबाउंडमध्ये आपण कमी पडला नसावात. आघाडी गेली ती टर्नओव्हर आणि फ्री थ्रो यांमध्ये. २२ पैकी १५ फ्री थ्रो बसले असते, तर सहा गुण वाढले असते आणि शेवटच्या लेअपची वेळच आली नसती. म्हणून सगळ्यांची सरसकट एक पायरी उतरवणे मला पटत नाही. ज्या कप्प्यात गळती झाली, त्या कप्प्याशी संबंध असलेल्या मुलींच्या शेऱ्यात ती गोष्ट लिहावी, आणि जिने बारा वेळा चेंडू मिळवून दिला, तिला इतरांच्या चुकांची शिक्षा देऊ नये.

जुनी पॉइंट गार्ड

सर, मी स्वतः शाळेत आणि महाविद्यालयात पॉइंट गार्ड म्हणून खेळले आहे, म्हणून त्या सात टर्नओव्हरविषयी थोडे सविस्तर लिहिते. ते सात एकाच रकान्यात लिहिले गेले असले, तरी सातही एका प्रकारचे आहेत का, हे पाहिल्याशिवाय तिची श्रेणी ठरवू नये.

पूर्ण मैदानाचा प्रेस लावणारा संघ सहसा चेंडू मधून पुढे येऊ देत नाही. तो गार्डला कडेच्या रेषेकडे ढकलतो आणि तिने मधली रेषा ओलांडताच कोपऱ्यात दुसरी खेळाडू येऊन तिला घेरते. ती जागा मुद्दाम निवडलेली असते, कारण एका बाजूला कडेची रेषा, मागे मधली रेषा आणि समोर चार हात, अशी तेथे अवस्था होते. एकदा पुढच्या अर्ध्या मैदानात गेलेला चेंडू मागे नेता येत नाही, आणि त्याआधी आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडण्याची घाईही असतेच. अशा वेळी गार्डचे काम ड्रिबल न थांबवता दोघी पूर्ण अंगावर येण्याआधी पास देणे हे आहे. पण तो पास घ्यायला कोणी तरी मैदानाच्या मधोमध येऊन उभे राहिले पाहिजे. दोघी एकीवर गेल्या म्हणजे बाकीच्या तिघींना चौघींना सांभाळावे लागते, त्यामुळे मोकळी खेळाडू असतेच. प्रश्न एवढाच असतो की ती गार्डला दिसेल अशा ठिकाणी आली की पाठ फिरवून समोरच्या बास्केटकडे पळाली.

आपल्याकडे मोबाइलवर घेतलेले चित्रण असेल, तर त्या सातही वेळा चित्र थांबवून इतर चौघींचे पाय कोणत्या दिशेला आहेत ते पाहावे. दोघींनी घेरलेले असताना मधे कोणीच आलेले नसेल, तर तो टर्नओव्हर स्कोअरशीटवर गार्डच्या नावावर असला, तरी शेरा दोन्ही विंगच्या, म्हणजे कडेने खेळणाऱ्या मुलींच्या, कागदावर जायला हवा. उलट, समोर एकच बचावपटू असताना तिने चेंडू गमावला असेल, किंवा घेरले जाण्याआधीच ड्रिबल थांबवून ती अडकली असेल, तर तो दोष निःसंशय तिचा. शाळेच्या संघांमध्ये पहिला प्रकार फार आढळतो, कारण आपल्याकडे प्रेस मोडण्याचा सराव बहुधा पाच जणींना पाच जणींसमोर उभे करून होतच नाही. गार्डला एकटीला खांबांमधून ड्रिबल करायला लावले जाते.

आणखी एक विनंती. उत्तरार्धात तिला किती वेळ विश्रांती मिळाली, हेही तपासावे. ऑक्टोबरच्या उन्हात सिमेंटच्या मैदानावर वीस मिनिटे सलग प्रेसविरुद्ध चेंडू आणणाऱ्या मुलीचे पाय शेवटच्या पाच मिनिटांत जड होतात आणि फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली पडू लागतात. तिचे घालवलेले फ्री थ्रो आखूड पडत होते का, हे आठवून पाहा. आखूड पडत असतील, तर ते हाताच्या सवयीपेक्षा दमलेल्या पायांचे लक्षण मानावे.

शिवाजीनगर

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत. मी निकालाविषयी लिहितो, कारण सरांचा मूळ प्रश्न तेथेच अडकला आहे.

तो शेवटचा लेअप रिंगवर आपटून बाहेर पडला असता आणि जादा वेळेत आपण हरला असता, तर याच मुलीला आपण कोणती श्रेणी दिली असती? उत्तर बदलत असेल, तर आपण श्रेणी खेळाला देत नसून चेंडूच्या उसळीला देत आहात. मी माझ्या खेळाडूंसाठी एकच कसोटी वापरतो: त्या क्षणी, तिला जे दिसत होते त्यावरून, तिने घेतलेला निर्णय योग्य होता का? शेवटच्या क्षणी बरोबरी असताना रिंगपर्यंत घुसणे हा उत्तम निर्णय होता, कारण त्यातून बास्केट, फाऊल किंवा सेंटरला रिबाउंडची संधी, यांपैकी काही तरी मिळण्याची शक्यता मोठी होती. त्याचे श्रेय तिला पूर्ण द्यावे, पण एका निर्णयाएवढेच द्यावे. उरलेल्या चाळीस मिनिटांचा हिशेब त्याने पुसला जात नाही.

हीच कसोटी शूटरला लावली, तर तिची श्रेणी क होणार नाही. दहापैकी दोन हे वाईट आकडे आहेत हे खरेच. पण जवळजवळ सगळे शॉट मोकळे होते असे आपणच लिहिले आहे. मोकळा शॉट न घेता चेंडू परत करणारी शूटर संघाला जास्त महाग पडते, कारण मग बचाव तिला सोडून गार्डवर तुटून पडतो. दहा शॉटांच्या नमुन्यावरून नेमबाजीविषयी काहीच ठरत नसते. तिला ब द्यावी आणि शेऱ्यात 'असेच शॉट घेत राहा' असे लिहावे. मात्र शॉट हुकल्यावर ती बचावाला परत धावली का, हे अवश्य पाहावे. तेथे ती रेंगाळली असेल, तर श्रेणी खुशाल उतरवावी.

मोठे संघही असे सामने जिंकतात. २० जुलै २०२४ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकपूर्व सराव सामन्यात अमेरिकेचा पुरुष संघ दक्षिण सुदानविरुद्ध मध्यंतराला ४२-५८ असा मागे होता आणि अखेर १०१-१०० असा कसाबसा जिंकला. विजयी लेअप आठ सेकंद उरले असताना लेब्रॉन जेम्सने मारला आणि त्याच्या नावावर २५ गुण लागले. दक्षिण सुदानच्या कार्लिक जोन्सने १५ गुण, ११ रिबाउंड आणि ११ असिस्ट अशी कामगिरी हरलेल्या बाजूकडून केली. निकाल पाहून श्रेणी देणारा जोन्सला कोठे बसवणार? पुढे पॅरिसमध्ये याच दोन संघांचा सामना अमेरिकेने १०३-८६ असा जिंकला आणि नंतर सुवर्णपदकही मिळवले. लंडनचा एक गुणाचा विजय त्यांनी अभ्यासाचा कागद म्हणून वापरला, असेच मी त्याकडे पाहतो.

शेवटी, सर, एक श्रेणी बाकावरही द्यावी लागते. फिबाच्या नियमांप्रमाणे उत्तरार्धात प्रशिक्षकाला तीन टाइमआउट मिळतात. तेरा गुणांची आघाडी वितळत असताना ते केव्हा घेतले, प्रेस सुरू झाल्यावर चेंडू आणायला दुसरी गार्ड जोडीला दिली का, हे प्रश्न मुलींच्या श्रेणीआधी सोडवावेत. मी हे आरोप म्हणून लिहीत नाही. प्रशिक्षकाच्या नावाचा रकाना त्याच कागदावर असला, म्हणजे मुलींनाही आपल्या श्रेणीकडे मोकळेपणाने पाहता येते, असा माझा अनुभव आहे.

जुनी पॉइंट गार्ड

तीन-चार मिनिटे खेळलेल्या मुलीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून पुन्हा लिहिते. तिला श्रेणी देऊच नये. इटलीतील क्रीडा दैनिके फुटबॉलपटूंना दहापैकी गुण देतात, पण फार थोडा वेळ खेळलेल्या खेळाडूपुढे 'गुण नाहीत' अशी नोंद करतात, आणि ते योग्य आहे. त्या मुलीच्या कागदावर क लिहिले, तर आपण काय चुकलो हे ती रात्रभर शोधत राहील आणि तिला ते सापडणार नाही, कारण तसे काही घडलेलेच नसते. श्रेणीची जागा रिकामी ठेवून शेरा मात्र आवर्जून लिहावा: आत गेल्यावर तिला आपली खेळाडू लगेच सापडली का, ती बोलत होती का, प्रेस लागल्यावर ती कोठे उभी राहिली. बाकावरच्या मुलीला आपल्याकडे कोणी पाहत होते, हे कळण्याची सर्वांत जास्त गरज असते.

क्रीडाशिक्षक, नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. एका पालकाने चित्रण केले होते, ते काल शांतपणे पाहिले. सातपैकी चार टर्नओव्हरच्या वेळी गार्डला कोपऱ्यात दोघींनी घेरले होते आणि मधे कोणीही आलेले नव्हते. दोन्ही विंग चेंडूकडे पाठ करून पुढे पळत होत्या. उरलेले तीन तिचे स्वतःचे होते, त्यांपैकी दोन अखेरच्या क्वार्टरमधले.

त्यानुसार श्रेणी अशा लिहिल्या आहेत. सेंटरला अ. शूटरला ब, कारण ती प्रत्येक वेळी परत धावली. पॉइंट गार्डला ब, आणि शेऱ्यात शेवटच्या लेअपआधी तिने डावीकडे नजर टाकून बचावपटूला हलवले ती गोष्ट लिहिली, तसेच घेरले जाण्याआधी ड्रिबल न थांबवण्याची सूचना दिली. दोन्ही विंगना क दिला आहे. त्यांतील एकीने ९ गुण केले असल्यामुळे तिला तो बोचेल, तेव्हा कागद हाती देताना ते चार प्रसंग तिला दाखवणार आहे. थोडा वेळ खेळलेल्या मुलीची श्रेणी रिकामी ठेवली आहे. प्रशिक्षकाचा रकानाही जोडला आहे.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. फ्री थ्रोच्या बाबतीत मी सगळ्यांच्या कागदावर एकच ओळ लिहिली आहे, सेंटरच्याही, जरी तिला परवा एकही फ्री थ्रो मिळाला नाही. ४.६ मीटरवरून, समोर कोणी नसताना मारायचा शॉट संघाने २२ पैकी १३ वेळा हुकवला, तर ती सरावाची उणीव आहे आणि सराव सगळ्यांचा एकत्रच होतो. सोमवारपासून धावण्याच्या फेऱ्या संपल्यावर, पाय दमलेले असतानाच, प्रत्येकीने दहा-दहा फ्री थ्रो मारायचे असे ठरवले आहे.

स्कोअर टेबल

सर, त्या फ्री थ्रोंची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी आणि प्रत्येक हुकलेल्या चेंडूपुढे आखूड, लांब, डावा किंवा उजवा एवढेच लिहावे. आखूड पडणारी मुलगी आणि डावीकडे जाणारी मुलगी यांना शिकवायच्या गोष्टी वेगळ्या असतात: पहिलीला गुडघे वाकवून पायांतून जोर घ्यायला सांगावे, दुसरीचे कोपर बाहेर पडते का ते पाहावे.