भोपळ्यांच्या आधीची शाई

आधुनिक जपानी कला म्हणजे यायोई कुसामा या कलाकाराचे ठिपक्यांचे भोपळे आणि ताकाशी मुराकामी या कलाकाराची हसरी फुलं, असाच सूर बऱ्याचदा ऐकू येतो. तीही मला आवडतात. पण टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जाणार असाल, तर जुन्या पिढीतले चित्रकार योकोयामा ताइकान यांचं 'सेइसेइ रुतेन' हे चित्र मांडलंय का ते आधी बघा. सुमारे 40 मीटर लांबीचा रेशमी पट, सगळा काळ्या शाईत. उजवीकडून बघत जायचं: डोंगरातलं धुकं, ओहोळ, नदी, समुद्र आणि शेवटी आभाळात झेपावणारा ड्रॅगन. म्हणजे पाणी परत वर! त्या धुक्याला कडच नाही. शाई फिकी होत होत नुसतं रेशीम उरतं. मला तर तिथून हलवत नाही.

1 सप्टेंबर 1923 ला हा पट पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि त्याच दिवशी टोकियोच्या परिसरात कांतोचा महाभूकंप झाला. पट वाचला, हे केवढं नशीब.

आणि हो, ताइकान 1903 मध्ये कोलकात्याला आले होते. बंगाली चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांनी वॉशचं, म्हणजे पातळ रंगाचे हलके थर देण्याचं, तंत्र त्यांचं काम बघूनच आपलंसं केलं. पट कायम मांडलेला नसतो, तेव्हा तारखा बघूनच तिकीट काढा.