हवाई प्रवासासाठी हलकी बीसीडी (डाइव्हिंगचं हवा भरायचं जाकीट) घ्यायचीये, सल्ला हवाय (जानेवारी, हॅवलॉक)

निळंपाणी_ठाणे
नमस्कार मंडळी. जानेवारीत अंदमानात हॅवलॉकला चाललोय, सहा दिवस, दहा-बारा डाइव्ह होतील. ओपन वॉटर (पहिला डाइव्हिंग कोर्स) तारकर्लीला केलं, मग मुर्डेश्वरहून नेत्राणी दोनदा, आत्तापर्यंत ३४ डाइव्ह आणि सगळ्या भाड्याच्या बीसीडीवर. आता स्वतःची घ्यायचीच असं ठरवलंय. मागच्या ट्रिपला १२ मीटरवर भाड्याच्या बीसीडीचा इन्फ्लेटर (हवा भरायचं बटण) अडकला, बटण सोडलं तरी हवा आत जातच राहिली, होज खेचून काढला आणि मागची डंपची (हवा सोडायच्या झडपेची) दोरी ओढली म्हणून थांबलो नाहीतर सरळ वर गेलो असतो. तेव्हापासून वाटतं की जे अंगावर चढवतो ते आपल्या हातानं धुतलेलं आणि तपासलेलं असावं.

अडचण सामानाची. तिकिटावर १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन. फिन्स, रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारा), ३ मिमीचा सूट, मास्क, टॉर्च मिळून नऊ किलो झालेच. मित्राची जुनी जॅकेट बीसीडी काट्यावर ठेवून बघितली तर साडेचार किलो. नेटवर ॲक्वा लंगची झूमा, क्रेसीची ट्रॅव्हललाइट, स्कूबाप्रोची लाइटहॉक बघितल्या, दोन ते तीन किलोच्या घरात आहेत सगळ्या. पण लिफ्टचे (फुगवल्यावर किती किलो तरंगवते त्याचे) आकडे बघून धाकधूक होते, एवढीशी पिशवी मला धरेल का? वजन ६२ किलो, उंची ५ फूट ५. नेत्राणीला पाण्याखाली जायला अंगावर ६ किलो शिसं लागलं होतं.

मस्कतवासी
लिफ्टची काळजी सोड, हिशोब करून बघ. ११ लिटरची ॲल्युमिनियम टाकी २०० बार दाबाला भरली म्हणजे २२०० लिटर हवा, लिटरला सव्वा ग्रॅम धर, पावणेतीन किलो झाली. डाइव्हच्या सुरुवातीला तू एवढाच जास्तीचा जड असतोस कारण शिसं आपण शेवटच्या रिकाम्या टाकीच्या हिशोबानं लावतो. त्यात सूट, खोल गेल्यावर निओप्रीन (सुटाचं फुगीर रबर) चेपतं, ३ मिमीचा पातळ सूट फार तर दोन किलोची तरंग गमावेल. झाले पाच किलोच्या आत. वर आल्यावर डोकं पाण्याबाहेर ठेवायला अजून चार-पाच किलो धर. म्हणजे दहा किलोची लिफ्टसुद्धा तुला गरम पाण्यात पुरते, आणि या ट्रॅव्हल बीसीडी साधारण त्याच्या वरच असतात. जाड सूट घालून थंड पाण्यात जाणाऱ्याचं गणित वेगळं. हां, पण हे सगळं शिसं बरोबर लावलेलं असेल तरच. ६ किलो मला थोडे जास्त वाटतात, डाइव्ह संपताना टाकीत ५० बार उरलेले असताना बीसीडी रिकामी करून ५ मीटरवर स्थिर राहता येतंय का ते बघ आणि एकेक किलो कमी करत जा.

मी स्वतः बॅकप्लेट-विंग (पाठीला धातूची प्लेट, तिच्यामागे हवेची पिशवी) वापरतो. इकडे ओमानच्या दैमानियात बेटांना स्टीलची प्लेट घेऊन जातो कारण गाडीनं बंदरावर जायचं असतं आणि प्लेटच दोन-अडीच किलोची, तेवढं शिसं कमी लागतं. विमानानं जायचं असेल तेव्हा मात्र ॲल्युमिनियमची प्लेट, ती किलोभर. स्टील घेऊन विमानात चढणं म्हणजे शिसं घरून नेण्यासारखं आहे, शिसं तर प्रत्येक डाइव्ह सेंटरवर मिळतंच. पट्टे एकदा नीट मापाचे करून घेतले की वर्षानुवर्षं बघायला लागत नाही आणि एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो, हे मला सगळ्यात आवडतं.

लाटकर_मालवण
मस्कतवाल्या दादांचं गणित बरोबर आहे. मी इथे सीझनला, ऑक्टोबर ते मे, लोकांना पाण्यात नेतो, त्यामुळे दोन गोष्टी अनुभवानं सांगतो. ३४ डाइव्हवर बॅकप्लेट घेऊ नको असं मी म्हणणार नाही पण आधी कुणाची तरी वापरून बघ. मागे फुगणारी बीसीडी पाण्याखाली झकास, अंग आडवं राहतं, कुशीत काही दाटत नाही. वर आल्यावर मात्र पूर्ण फुगवलीस की तोंड पुढे पाण्यात ढकलते, लोक घाबरतात. उपाय सोपा, अर्धीच फुगव आणि खुर्चीत रेलल्यासारखा मागे रेल. जॅकेट वर सरळ धरते पण भरली की पोट-छाती आवळते.

दुसरं म्हणजे पट्टा. हलक्या बीसीडींना टाकीचा पट्टा बहुतेक एकच असतो. नायलॉन भिजलं की सैल होतं, तर टाकीला लावायच्या आधी पट्टा पाण्यात बुडवून मग आवळायचा, कोरडा आवळलास तर खाली गेल्यावर टाकी घसरणार. आवळल्यावर टाकी धरून पूर्ण बीसीडी उचलून हलवून बघ. वजनाचे कप्पे आहेत का आणि एकेकात किती मावतं तेही बघून घे, काही मॉडेलला नसतातच, मग बेल्ट लागतो. बेल्ट वाईट नाही रे, उलट बीसीडी बोटीवर चढवताना हलकी पडते.

कासवीण
पुण्याहून. मी ५ फूट १, त्यामुळे फिटिंगबद्दल बोलते कारण तिथेच लोक फसतात. काट्यावरचं वजन बघून घेतली आणि पाठीला लांब झाली तर कमरेचा पट्टा ढुंगणावर येतो आणि पाण्यात सगळी बीसीडी वर सरकून कानापर्यंत येते. माझी पहिली अशीच होती, विकायला लागली. दुकानात सूट घालून ट्राय करा, खांदे आवळा, मग कुणाला तरी मागून बीसीडी वर उचलायला सांगा, दोन बोटांपेक्षा जास्त वर जात असेल तर साइज चुकली.

आणि वाळणं! याचा कुणी विचारच करत नाही. जाड गाद्यांची जॅकेट हॅवलॉकच्या दमट हवेत रात्रभरात वाळत नाही, परतताना तिचं वजन किलो-दीड किलोनं वाढलेलं असतं. बिनगादीची पातळ बीसीडी दोन-तीन तासात कोरडी. तसंही बरेच दिवस डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास थांबायचं असतं, मी तर पूर्ण दिवस सोडते, तो दिवस सामान वाळवायचा. इन्फ्लेटरच्या तोंडातून आत गोडं पाणी भरायचं, हलवायचं, उलटी करून काढायचं, दोनदा. बटणात मीठ बसलं की ते अडकतं, तुमचं बहुधा तेच झालं असणार. मग थोडी हवा भरून सावलीत टांगा, उन्हात नको.

बॅग भरताना बीसीडी फिन्सच्या मध्ये गुंडाळते, रेग्युलेटर आणि टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्ये, कटर चेक-इनमध्ये.

निळंपाणी_ठाणे
खूप आभार सगळ्यांचे. काल एका ओळखीच्यांची मागे फुगणारी ट्रॅव्हल बीसीडी स्विमिंग पूलला घेऊन गेलो, लाटकर म्हणाले तसं अर्धी फुगवून रेललो तर खरंच आरामात तरंगता येतं. मीडियम मात्र मला ढगळ झाली, स्मॉल बघायला पाहिजे. एक राहिलं, इन्फ्लेटरचा होज स्वतःचा नेऊ का? तिथल्या रेग्युलेटरला बसेल ना?

मस्कतवासी
रेग्युलेटर तुझाच नेतोयस ना, मग होज त्यालाच कायमचा लावून ठेव. फक्त ज्या बीसीडीत इन्फ्लेटर आणि ऑक्टो (श्वासाचं राखीव तोंड) एकत्र असतात त्यांची कपलिंग बऱ्याचदा मोठी असते, साधा होज बसत नाही, तसली घेणार असशील तर तिच्याबरोबरचाच होज लाव. आणि निघायच्या आधी घरी एकदा पूर्ण फुगवून रात्रभर तशीच ठेव, सकाळी मऊ पडलेली दिसली तर नेऊ नकोस.